एका बाजूला ड्रम असलेले जुने चाक : आडवा आउट काढला की उभा आउट वाढतो

प्रश्न

नमस्कार. १९५० च्या दशकातील एका ब्रिटिश मोटरसायकलचे मागचे चाक मी नव्याने भरत आहे, म्हणजे त्यात नवे स्पोक घालत आहे. रिम १९ इंची, डब्ल्यूएम२ मापाची, लोखंडी आणि क्रोम केलेली आहे. स्पोक ४० आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला २०. हब पूर्ण रुंदीचा नाही. डाव्या बाजूला ब्रेक ड्रम असून तिकडची फ्लँज (हबची स्पोक अडकवण्याची कडा) बरीच मोठी आहे, उजवीकडची लहान आहे, आणि त्यामुळे दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी वेगळी आहे. जुने चाक उघडण्याआधी मी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली होती आणि ड्रमच्या कडेवर सरळ पट्टी ठेवून रिमच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवले होते. जुने स्पोक गंजून निकामी झाले असल्याने नवा संच घेतला आहे.

छायाचित्रांत दिसते तशीच गुंफण केली आहे, म्हणजे प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या तीन स्पोकना ओलांडून जातो. अडचण आउट, म्हणजे फिरताना रिमचे डावी-उजवीकडे (आडवा) किंवा वर-खाली (उभा) डोलणे, काढताना येते. आडवा आउट एक मिलिमीटरच्या आत आणला की उभा आउट तीन मिलिमीटरपर्यंत वाढतो, आणि उभा आउट काढायला घेतला की रिम पुन्हा डावी-उजवीकडे डोलू लागते. शिवाय रिम सतत ड्रमच्या बाजूला ओढलेली राहते आणि आधी मोजलेल्या जागेवर येत नाही. ड्रमच्या बाजूचे स्पोक पान्याने ठोकले की खणखणीत वाजतात. उजव्या बाजूचे बरेचसे दबके वाजतात, मात्र त्यांचे निपल (स्पोकच्या टोकावर फिरणारे, रिममध्ये बसणारे नट) पान्याला घट्ट लागतात आणि टॉर्क पानाही ठरवलेल्या आकड्यावर सुटतो.

आधी उभा आउट काढावा की आडवा? दोन बाजूंच्या स्पोकचा ताण सारखा असायला हवा का? आणि निपल घट्ट असूनही स्पोक दबका का वाजतो?

उत्तर

आपण लिहिलेल्या लक्षणांपैकी सर्वांत महत्त्वाचे शेवटचे आहे, आणि बाकीच्या तक्रारी बहुधा त्याच्याच पोटात दडलेल्या आहेत. निपल घट्ट लागतो पण स्पोक वाजत नाही, याचा अर्थ पान्याचा जोर स्पोक ताणण्यात खर्च होत नसून दुसरीकडे कुठेतरी जात आहे. त्याची कारणे साधारण तीन असतात. एक म्हणजे आटे कोरडे किंवा खराब असणे. दुसरे म्हणजे निपल रिमच्या खळगीत तिरका बसून घासणे. तिसरे, आणि आपल्या बाबतीत मला सर्वांत संभाव्य वाटणारे, म्हणजे स्पोक लांब असल्याने त्याच्यावरचे आटे संपणे. निपल आट्यांच्या शेवटापर्यंत गेला की पुढे सरकत नाही. तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, टॉर्क पाना सुटतो, आणि स्पोक सैलच राहतो. उजवी बाजू ओढू शकत नसेल तर रिम ड्रमकडे राहणारच, आणि आपण कितीही वेळ आउट काढला तरी ती मधोमध येणार नाही.

म्हणून पुढचा फेरा देण्याआधी रिमची पट्टी (निपल झाकणारी, ट्यूबखालची) काढून आतून पाहा. प्रत्येक निपलच्या डोक्यावरच्या खाचेत स्पोकचे टोक कुठवर आले आहे? ते खाचेच्या तळाशी असावे, फार तर निपलच्या डोक्याच्या पातळीला यावे. चार-पाच मिलिमीटर बाहेर डोकावत असेल तर निदान झाले. त्याच वेळी बाहेरून निपलची दिशाही तपासा. लोखंडी रिमच्या खळग्या ठोकतानाच त्यांना कोन दिलेला असतो : काही डावीकडे, काही उजवीकडे, काही पुढे आणि काही मागे झुकलेल्या. एका बाजूला मोठी आणि दुसऱ्या बाजूला लहान फ्लँज असलेल्या हबसाठी पाडलेली रिम उलटी बसवली, तर स्पोक भरता येतात, पण निपल आणि स्पोक एका रेषेत राहत नाहीत. स्पोक निपलच्या तोंडाशी वाकतो आणि काही काळाने नेमका तिथेच, पहिल्या आट्यापाशी, तुटतो. अशा वेळी स्पोकला दोष देऊन उपयोग नसतो.

आता आउटविषयी. आपल्याला उभा आणि आडवा आउट एकमेकांचे वैरी वाटत आहेत, कारण कोणताही स्पोक रिमला एकाच दिशेने ओढत नाही. तो तिला हबच्या दिशेने आत खेचतो आणि त्याच वेळी आपल्या बाजूकडेही खेचतो. आडवा आउट काढताना केवळ एका बाजूचे निपल आवळत गेले, तर रिम बाजूला सरकते खरी, पण त्या जागी आतही दबते. म्हणून आडव्या आउटसाठी एका बाजूला जितके आवळाल तितके समोरच्या बाजूला सैल करावे, म्हणजे रिमला आत खेचणारी एकूण ओढ जवळपास तेवढीच राहते. उभ्या आउटसाठी याच्या उलट, उठावाच्या जागी दोन्ही बाजूंचे निपल सारखे आवळावे आणि दबलेल्या जागी दोन्ही बाजूंचे सारखे सैल करावे. एकट्या स्पोकवर काम करू नये. उठाव चार किंवा सहा स्पोकभर पसरलेला असतो, तेव्हा मधल्यांना अर्धा फेरा आणि कडेच्यांना पाव फेरा, अशा मापाने चालावे.

क्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे : आधी उभा, मग आडवा. उभा आउट दुरुस्त करायला जास्त ताण बदलावा लागतो, त्यामुळे तो सगळे सैलसर असतानाच काढून टाकणे सोपे जाते.

कृपया हबची आणि रिमची मापे इथे द्या : दोन्ही फ्लँजवरील छिद्रवर्तुळांचे व्यास, रिम जिथे असायला हवी त्या मध्यरेषेपासून प्रत्येक फ्लँजचे अंतर, आणि रिममध्ये समोरासमोरच्या दोन निपलांच्या खाचांमधले अंतर. संचातील स्पोकची लांबी बाकाच्या (डोक्याजवळच्या वाकलेल्या भागाच्या) आतल्या कडेपासून टोकापर्यंत मोजा, डोक्यापासून नव्हे.

दुसरे उत्तर

वरील निदान मला पटते, पण क्रमाविषयी थोडा मतभेद नोंदवतो. अशा असमान हबच्या चाकात मी सर्वांत आधी रिमची जागा, म्हणजे ड्रमच्या कडेपासूनचे अंतर, दोन मिलिमीटरच्या आत आणून घेतो आणि त्यानंतरच उभ्या आउटकडे वळतो. जागा शेवटी साधायची म्हटली तर एका बाजूचे सर्व २० निपल आवळावे आणि दुसऱ्या बाजूचे सर्व २० सैल करावे लागतात, आणि दोन बाजूंचे स्पोक वेगळ्या कोनात असल्याने तेवढ्यात उभा आउटही पुन्हा हलतो. पूर्ण रुंदीच्या, दोन्हीकडे सारख्या फ्लँजच्या हबला हा त्रास नसतो. तिथे उभ्यापासून सुरुवात करण्यास माझी काहीच हरकत नाही.

टॉर्क पान्यावर फार विसंबू नका. अनेक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये निपलसाठी २ ते ५ न्यूटन-मीटरच्या आसपासचे आकडे दिलेले असतात, आणि ते उपयोगीही आहेत, पण पाना मोजतो तो निपल फिरवायला लागणारा जोर. त्यात स्पोकचा ताण किती आणि घर्षण किती, हे त्याला कळत नाही. आपल्या उजव्या बाजूने ते दाखवूनच दिले आहे. कान जास्त खरे सांगतो. स्पोक ओलांडणीच्या जागी शेजाऱ्याला टेकलेला असतो, म्हणून ओलांडणी आणि निपल यांच्यामधल्या भागावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोका आणि स्वर ऐका. मात्र तुलना एकाच बाजूच्या स्पोकमध्ये करा. लांब स्पोकचा स्वर तेवढ्याच ताणाला खाली असतो, त्यामुळे लहान फ्लँजकडचे स्पोक ड्रमकडच्यांपेक्षा खालच्या स्वरात वाजणारच. तो दोष नाही. एकाच बाजूच्या स्पोकमध्ये एखादा वेगळा वाजला, तर तो दोष आहे.

ताण का जपायचा, हेही सांगायला हवे, कारण बहुतेकांचे लक्ष केवळ रिम सरळ फिरते की नाही याकडे असते. चाकावर वजन आले की जमिनीकडच्या काही स्पोकचा ताण कमी होतो. बाकीच्यांचा फारसा बदलत नाही. मुळातला ताण पुरेसा असेल तर खालचा स्पोक कमी ताणाचा होतो, तरी ताणलेलाच राहतो. तो पुरेसा नसेल तर प्रत्येक फेऱ्यात खालचा स्पोक पूर्ण सैल पडून पुन्हा झटक्याने ताणला जातो, निपल हळूहळू उलटे फिरू लागतो आणि बाकाशी किंवा आट्यांशी धातू थकून स्पोक तुटतो. एका स्पोकची ढिलाई मग शेजाऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणून रिम अर्धा मिलिमीटर आउट असलेले पण सारख्या ताणाचे चाक मला चालेल. पूर्ण सरळ फिरणारे पण निम्मे स्पोक दबके असलेले चाक मी रस्त्यावर नेणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. पट्टी काढून पाहिले. ड्रमच्या बाजूचे स्पोक निपलच्या खाचेच्या तळाशी आहेत. उजव्या बाजूचे सगळे स्पोक निपलच्या बाहेर आलेले आहेत, काही तर खाचेपासून चार मिलिमीटरहून अधिक. निपल दोन्हीकडे स्पोकच्या रेषेत आहेत, तेव्हा रिम उलटी नसावी.

मापे अशी : ड्रमकडच्या फ्लँजच्या छिद्रवर्तुळाचा व्यास १६० मिमी, उजव्या फ्लँजचा १०० मिमी. रिमच्या मध्यरेषेपासून ड्रमकडची फ्लँज २५ मिमी, उजवी ४० मिमी. समोरासमोरच्या निपलांच्या खाचांमधले अंतर ४६० मिमी. छिद्रे ४ मिमी. संचातील स्पोक ड्रमच्या बाजूचे १९४ मिमी आणि उजव्या बाजूचे २११ मिमी आहेत.

पहिल्या उत्तरकर्त्याचे उत्तर

मापे व्यवस्थित घेतली आहेत, त्यामुळे हिशेब सरळ आहे. तो पूर्ण मांडतो, म्हणजे पुढे कोणत्याही चाकाला वापरता येईल.

स्पोकची लांबी काढण्यासाठी तीन अंतरे आणि एक कोन लागतो. रिमची त्रिज्या २३० मिमी, फ्लँजची त्रिज्या एकीकडे ८० आणि दुसरीकडे ५० मिमी, आणि मध्यरेषेपासूनचे अंतर २५ व ४० मिमी. एका बाजूला २० छिद्रे असल्याने दोन शेजारच्या छिद्रांमधला कोन १८ अंश होतो, आणि तीन ओलांडण्यांच्या गुंफणीत स्पोक सरळ त्रिज्येवरून तीन छिद्रे, म्हणजे ५४ अंश, सरकलेला असतो. ५४ अंशांची कोज्या ०.५८८ आहे. आता रिमच्या त्रिज्येचा वर्ग, फ्लँजच्या त्रिज्येचा वर्ग आणि मध्यरेषेपासूनच्या अंतराचा वर्ग यांची बेरीज करायची, त्यातून दोन्ही त्रिज्यांच्या गुणाकाराची दुप्पट गुणिले कोज्या वजा करायची, उरलेल्याचे वर्गमूळ काढायचे आणि शेवटी छिद्राचा अर्धा व्यास वजा करायचा.

ड्रमच्या बाजूला ५२९०० अधिक ६४०० अधिक ६२५, वजा सुमारे २१६३०, म्हणजे ३८२९५ उरतात. वर्गमूळ १९५.७, आणि २ मिमी वजा करून १९३.७ मिमी. आपला १९४ मिमीचा स्पोक योग्य आहे. उजव्या बाजूला ५२९०० अधिक २५०० अधिक १६००, वजा सुमारे १३५१९, म्हणजे ४३४८१. वर्गमूळ २०८.५, आणि छिद्राचे वजा करून २०६.५ मिमी. आपले स्पोक २११ मिमीचे आहेत, म्हणजे साडेचार मिलिमीटर लांब. इंचाला ४० आटे असतील तर निपलच्या एका फेऱ्यात ०.६३५ मिमी अंतर कापले जाते, तेव्हा हा जादा भाग जवळजवळ सात फेऱ्यांचा झाला. तेवढे आटे स्पोकवर शिल्लक नसल्याने निपल शेवटाला जाऊन अडकतो.

उजव्या बाजूचे २० स्पोक बदलावे लागतील. टोके कानशीने घासून आहे तेच स्पोक वापरण्याचा विचार मनात येईल, पण त्याने काही साधणार नाही. अडथळा टोकापाशी नसून आट्यांच्या दुसऱ्या शेवटाला आहे. डाय (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे पुढे वाढवणेही मी टाळीन. चांगल्या स्पोकचे आटे कापलेले नसतात, दाबून लाटलेले असतात. त्यात तारेचा धातू काढला जात नाही, नुसता सरकवला जातो. कापलेल्या आट्यांच्या तळाशी तार बारीक होते आणि ताण नेमका तिथे साठतो.

बदली स्पोक घेताना आतला आणि बाहेरचा हा भेद सांभाळा. फ्लँजच्या आतून जाणाऱ्या आणि बाहेरून जाणाऱ्या स्पोकच्या लांबीत थोडा फरक पडू शकतो, आणि बाकाचा कोनही वेगळा असू शकतो. जुना प्रत्येक प्रकारचा एक स्पोक नमुना म्हणून जवळ ठेवा. हबच्या फ्लँजवर जुन्या बाकांनी उमटवलेल्या खुणाही पाहा. कोणत्या छिद्रातून स्पोक कोणत्या दिशेला गेला होता, हे त्या छायाचित्राइतकेच खात्रीने सांगतात.

आता आपला ताणाविषयीचा प्रश्न, ज्याचे उत्तर याच मापांत आहे. रिम एका जागी स्थिर राहते तेव्हा दोन्ही बाजूंची आडवी ओढ समान असते. ड्रमकडचा स्पोक १९५.७ मिमीच्या तिरक्या लांबीत २५ मिमी बाजूला जातो, उजवीकडचा २०८.५ मिमीत ४० मिमी. म्हणजे ताणाचा आडवा वाटा एकीकडे सुमारे पावणेतेरा टक्के आणि दुसरीकडे सुमारे एकोणीस टक्के. तेव्हा समतोलासाठी ड्रमकडच्या स्पोकवर उजवीकडच्यांच्या साधारण दीडपट ताण असणे भागच आहे. दोन्ही बाजूंचा ताण बळेच सारखा करायला गेलात तर रिम उजवीकडे सरकेल. यातून कामाची एक गोष्ट निघते : आडवा आउट काढताना उजव्या बाजूचे निपल जास्त प्रभावी ठरतात, उभा आउट काढताना ड्रमकडच्यांचा हात किंचित वरचढ असतो.

क्रमाविषयी दुसऱ्या उत्तरातला मुद्दा अशा हबसाठी मान्य आहे. आधी जागा ढोबळ साधा, मग उभा, मग आडवा.

स्पोक भरताना सर्व निपल सुरुवातीला सारख्याच आट्यावर आणा. लांबी बरोबर असेल तर एवढ्यानेच आउट पुष्कळ कमी होतो, आणि होत नसेल तर पुढे जाण्याआधी कारण शोधा. मला या गुंफणीविषयी मनापासून आदर आहे. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये सायकलसाठी स्पर्शिकेच्या दिशेने जाणाऱ्या स्पोकचे पेटंट घेतले, आणि मोटरसायकलच्या ड्रमवर ब्रेकचा पीळ आज जो पेलला जातो तो त्याच रचनेमुळे. सरळ त्रिज्येवरचे स्पोक चाक उभे धरू शकतात, पण हब फिरू लागला की त्याला रिमपर्यंत पीळ पोहोचवता येत नाही.

दुसऱ्या उत्तरकर्त्याची पुस्ती

स्पोक बदलून चाक पुन्हा भराल तेव्हा चार गोष्टी विसरू नका.

आट्यांना आणि निपलच्या बैठकीला, दोन्हीकडे वंगण लावा. नवे स्पोक ताणात आल्यावर प्रत्येक बाकाच्या डोक्यावर पितळी पंच ठेवून हातोडीचा हलका ठोका द्या, म्हणजे बाक फ्लँजवर नीट टेकतो. मग हातमोजे घालून जवळपास समांतर जाणाऱ्या दोन-दोन स्पोकना मुठीत जोराने आवळा आणि चाकभर फिरा. टिकटिक आवाज येतील, ताण थोडा उतरेल, आउटही थोडा परत येईल. तो पुन्हा काढा. हे काम आता केले नाही तर रस्ता करतो, आणि तेव्हा पाना हाताशी नसतो.

आउट मोजताना डायल गेजची टोकणी रिमच्या कडेवर ठेवा आणि सांध्याच्या जागचा उठाव सोडून द्या. लोखंडी रिमच्या वेल्डजवळ थोडा उंचवटा असतोच, आणि तो स्पोकने काढू पाहणारा माणूस आजूबाजूचे सहा-आठ स्पोक बिघडवून बसतो. जपानी मोटरसायकलींच्या अनेक मॅन्युअलमध्ये दोन्ही दिशांना २ मिमी ही मर्यादा दिलेली असते. नव्याने भरलेल्या चाकात अर्धा मिलिमीटर साधता येतो आणि साधावा. रिमला खड्ड्याने पोचा आलेला असेल तर मात्र ते काम स्पोकचे नव्हे.

ब्रेक ड्रम लेथवर घ्यायचा असेल तर तो स्पोक भरून, ताण देऊन, आउट काढून झाल्यावरच घ्या. ताणलेले स्पोक फ्लँजला बाहेर ओढतात आणि पातळ ड्रमचा गोलावा त्याने बदलू शकतो. मोकळ्या हबवर अचूक केलेला ड्रम चाक भरल्यावर ब्रेकला धडधड देऊ शकतो.

आणि आताचे चाक उघडताना ताणलेले स्पोक थेट कापू नका. सगळे निपल आधी अर्धा-अर्धा फेरा करत चाकभर सैल करा.

तिसरे उत्तर

चर्चा भूमितीची झाली, म्हणून धातूविषयी थोडे जोडतो.

बदली स्पोक स्टेनलेस स्टीलचे घेत असाल तर निपल निकेल चढवलेले पितळी घ्या. स्टेनलेसवर स्टेनलेस आटे ताणाखाली एकमेकांना धरतात आणि निपल कायमचा जाम होतो. जाम होण्याच्या काही क्षण आधीपर्यंत सगळे ठीक वाटत असते. पितळी निपल असला तरी आट्यांना जाम न होऊ देणारी पेस्ट लावा. संच मिश्र करू नका. ड्रमच्या बाजूला जुन्या धाटणीचे झिंक चढवलेले स्पोक आणि उजवीकडे स्टेनलेस, असे चाक चालेल, पण पुढे कधी ताण तपासताना स्वरांचा आणि टॉर्कचा अंदाज लागणार नाही.

चकाकीसाठी जुन्या किंवा नव्या स्पोकवर क्रोम चढवून घेण्याचा मोह टाळा. कडक ताणाच्या पोलादी तारेवर आम्लाची धुलाई आणि विद्युत-मुलामा यांमुळे हायड्रोजन शिरतो आणि तार ठिसूळ होते. मुलामा दिल्यानंतर लगेच १९० ते २२० अंश सेल्सिअसवर काही तास भाजून तो काढावा लागतो. ही पायरी झाली आहे की नाही, हे चकचकीत स्पोककडे पाहून ओळखता येत नाही, आणि तो तुटतो तेव्हा आधी वाकून सूचना देत नाही.

गेज, म्हणजे तारेची जाडी, जुळवतानाही नीट पाहा. ८ गेजची तार ४.०६ मिमी, ९ गेजची ३.६६ मिमी आणि १० गेजची ३.२५ मिमी असते. आपली छिद्रे ४ मिमी आहेत, तेव्हा ८ गेजची तार त्यांत जाणारच नाही, आणि छिद्रे मोठी करून ती घालणे जुन्या फ्लँजवर अन्याय होईल.

सर्व झाल्यावर रिमच्या आतून स्पोकची टोके निपलच्या पातळीपर्यंत कानशीने घासून घ्या, बुरा पुसून काढा आणि मगच पट्टी, ट्यूब, टायर चढवा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर चाक उचलून दोन्ही बाजूंचे स्पोक पुन्हा वाजवून पाहा. दबका झालेला स्पोक एकटाच आवळू नका. आधी त्या जागेचा आडवा आणि उभा आउट मोजा, आणि पाव फेऱ्याहून जास्त देण्याची वेळ आली तर टायर उतरवून त्याचे टोक निपलच्या बाहेर येत नाही ना, हे तपासा.